समता बीबीला राहिली

लोणारच्या सरोवरावर देवानंदने गाडी उभी केली तेव्हा पाण्यावर सकाळचं ऊन उतरलं होतं. गाडी म्हणजे त्यांचं घर. जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमधल्या सीटा काढून त्याने आत झोपायची बाकं, गॅसची शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून घेतली होती. रिटायर झाल्यावर देश बघायचा, असं त्याचा मोठा भाऊ शेखर नेहमी म्हणायचा. आणि एके दिवशी ऑफिसच्या खुर्चीतच गेला. त्यानंतर देवानंदने पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिला आणि बायको धम्मशीला व बारा वर्षांच्या समताला घेऊन तो निघाला. नेटवर्क मिळेल तिथे लॅपटॉप उघडून तो नोकरीचं काम करायचा आणि समताचा अभ्यास धम्मशीला गाडीतच घ्यायची.

सुरुवातीला मजा आली. सांदण दरी, निघोजचे रांजणखळगे, भंडारदऱ्याचे धबधबे. प्रत्येक मुक्कामी समता कुणाशी तरी मैत्री करायची आणि गाडी निघाली की मागच्या काचेतून हात हलवत राहायची. मग हळूहळू ती पोरांना नाव विचारेनाशी झाली. ते धम्मशीलाच्या लक्षात आलं होतं, पण देवानंद खूप दिवसांनी हसायला लागला होता. म्हणून तिने विषय काढला नाही.

झाडीतल्या पायवाटेने तिघं खाली उतरले. काठावर खाऱ्या पाण्याचा उग्र वास होता. आसपासच्या गावातल्या मुलींचा घोळका आला होता. त्यातल्या एका मुलीने समताला विचारलं, "तू कोन्त्या गावची वं?"

समता आईकडे बघत राहिली. मुलगी थोडा वेळ थांबली आणि मैत्रिणींमागे पळाली. देवानंद पुढे फोटो काढत होता.

दुपारी धम्मशीलाचे वडील गुलाबराव जवळच्या बीबी गावाहून एसटीने आले. बायको गेल्यापासून ते एकटेच राहत. पिशवीत भाकरी आणि मिरचीचा ठेचा होता.

"जय भीम, जावाई," ते म्हणाले आणि गाडीच्या पायरीवर बसूनच आत डोकावले. "बाई, पाहुने आले तं बसवता कुठं?"

"पाहुणे येतच नाहीत, बाबा," धम्मशीला हसून म्हणाली. हसू मध्येच अडकलं.

गुलाबरावांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "चला घरी. चार रोज राहा माह्यापाशी."

बीबीत गाडी त्यांच्या दारासमोर लागली. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. शेजारची संजीवनी समताला नुसती शाळा दाखवायला म्हणून घेऊन गेली. संध्याकाळी समता आली ती गुडघे मातीने माखून, घसा बसवून. कबड्डीत तिने कुणाला बाद केलं ते ती आजोबांना उभ्या उभ्या सांगत होती. लेकीचा एवढा मोठा आवाज धम्मशीलाने कितीतरी महिन्यांत ऐकला नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी जेवताना समता म्हणाली, "मी इथेच राहू का? आबाजींजवळ?"

देवानंदचा घास हातातच राहिला. "का गं? गाडीत काय कमी आहे तुला?"

"तुम्ही दोघं आहात. बाकी कुणीच नाहीये, पप्पा."

तो ताटावरून उठला आणि बाहेर जाऊन गाडीला टेकून उभा राहिला. धम्मशीला मागोमाग गेली.

"मी हे सगळं कुणासाठी केलं?" त्याने विचारलं.

"शेखरभाऊंसाठी," ती म्हणाली. "चांगलंच केलं. पण तिला त्यात ओढून चालणार नाही."

"तू पण राहणार?"

राहावं असं तिला फार वाटत होतं. पण हा माणूस एकटा गाडी चालवत चाललाय, हे तिला डोळ्यांसमोर आणवेना. "मी येते," ती म्हणाली.

गुलाबराव दारात आले होते. "जावाई, पोरीची काळजी करू नका. मलेबी घरात बोलाले कोनी नाही."

दुसऱ्या दिवशी देवानंद आणि गुलाबराव शाळेत जाऊन हेडमास्तरांना भेटले. समताचे कपडे, पुस्तकं, तिची उशी, सगळं गाडीतून घरात गेलं. निघताना समता आईला घट्ट बिलगली. मग शाळेची घंटा ऐकू आली आणि ती संजीवनीबरोबर पळत सुटली.

महिन्याभराने दोघं चिखलदऱ्याला पोचले तेव्हा दरी धुक्याने भरली होती. देवानंद हल्ली गाडी सावकाश चालवायचा. वाटेत काही सुंदर दिसलं की "समता, बघ" म्हणायला तोंड उघडायचा आणि मिटायचा. धम्मशीला अजूनही कुकरला तिघांचा भात लावत होती. दिवाळीला बीबीला जाऊ, मग पुढचं ठरवू, एवढंच त्यांचं बोलणं झालं होतं.

पॉइंटवर रेंज मिळाली तशी तिने वडिलांना फोन लावला. समताने उचलला. पलीकडे पोरांचा गलका होता.

"आई, मंग बोलू ना. खेळाले जाऊन राह्यली मी."

"जा," धम्मशीला म्हणाली. तोवर फोन बंद झाला होता.

देवानंद जवळ आला. "काय म्हणाली?"

"खेळायला गेली."

त्याने मान हलवली. दोघं कठड्याला धरून उभे राहिले. समोर नुसतं पांढरं होतं. दरी केवढी खोल आहे ते काही दिसत नव्हतं.