रखमीचं बाद झालेलं मत

धसईच्या वाचनालयाची निवडणूक आली की मतदानाच्या सभेला अध्यक्ष म्हणून कमळाबाईंना बसवायचं, हे ठरूनच गेलं होतं. निवडणूक चालवणारा माणूस उमेदवाराचा नातलग नसावा, असा संस्थेचा नियम होता आणि गावात असा माणूस मिळणं कठीण. कमळाबाईंचा नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, माहेर लांब आटगावला. "तुमचं इथं कोणीच नाय, तुमीच बसा," असं लोक सरळ म्हणायचे. म्हणणाऱ्याच्या मनात काही नसायचं.

पण रखमी होती. दुपारी वाचनालय बायकांसाठी राखीव असे, तेव्हा दोघी खिडकीजवळच्या बाकावर बसत. रखमीला वाचायला जेमतेम यायचं. कमळाबाई हळू आवाजात वाचत आणि रखमी वालाच्या शेंगा सोलत ऐकायची. मधेच हात थांबवून म्हणायची, "जरा दमानं गो, मला त्या सासूचं परत ऐकव."

यंदा सुयोगला दुपारचा हॉल क्लासवाल्यांना द्यायचा होता. अनिल म्हणत होता, बायकांची वेळ सोडायची नाय. दोघंही सचिवपदाला उभे राहिले. आणि रखमी दम्यानं मुरबाडच्या दवाखान्यात पडलेली.

आजारी सभासदाला आपलं मत टाकायचा लेखी अधिकार, म्हणजे प्रॉक्सी, दुसऱ्या सभासदाकडे देता येत होती. कमळाबाई कागद घेऊन तिला भेटायला गेल्या.

"तुझ्याच नावानं लिव," रखमी म्हणाली.

"मला घेता येत नाय. मी अध्यक्ष."

"मग तुझा उपयोग काय गो?" रखमी हसली आणि खोकत राहिली. शेवटी शेजारच्या शीतलच्या नावानं कागद केला.

रविवारी सभा भरली. मतदान सुरू करणार, एवढ्यात कमळाबाईंचा फोन वाजला. रखमीचा मुलगा प्रज्वल होता. त्या ओट्यावर गेल्या.

"मावशी, आई गेली. आत्ताच. तुमालाच पयलं सांगतोय."

कमळाबाई ओट्यावरच उभ्या राहिल्या. आत शीतल हातात कागद घेऊन रांगेत पुढं उभी होती. सभासद वारला आणि मतदानाआधी अध्यक्षाला तसं कळलं, तर प्रॉक्सी रद्द होते. कळलं होतं ते फक्त त्यांना. फोन पिशवीत टाकून गप्प बसलं, तर अर्ध्या तासात सगळं उरकणार होतं, आणि रखमीला हवं होतं तेच होणार होतं.

त्या आत आल्या. टेबलाला धरून म्हणाल्या, "रखमी गेली. तिची प्रॉक्सी बाद."

आधी कोणाला कळलंच नाही. मग सगळे उठून उभे राहिले. अनिल म्हणाला, आज सभा पुढं ढकला. सुयोगची माणसं ऐकेनात. हात वर झाले आणि मतदान घ्यायचं ठरलं.

मतं सारखी पडली. चिठ्ठी काढली, ती सुयोगची निघाली.

"मावशी," अनिल जवळ येऊन म्हणाला, "तो फोन नंतर उचलला असतात तर काय बिघडलं असतं?"

शीतल रडत होती. "तिनं माझ्याकडं विश्वासानं दिलंतं ते," एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

मग अनिलच्या बाजूनं फेरमोजणी मागितली. मतं परत मोजली, आकडे तेच आले; सह्या आणि पेटीचं सील बाकी होतं. बाहेर अँब्युलन्स रखमीच्या आळीकडे वळलेली कमळाबाईंना खिडकीतून दिसली. अध्यक्षाला मधेच उठता येत नव्हतं. एकेक जण उठून तिकडं गेला. शेवटी सह्या घ्यायला दोघंच उरले.

त्या पोचल्या तेव्हा मयत उचललं होतं. अंगणात फुलं सांडलेली, एक बाई पाणी मारत होती.

"तुमची वाट बघितली त्यांनी," ती म्हणाली. "पण किती थांबणार?"

कमळाबाई भिंतीला टेकून बसल्या. घरात बायका रखमीच्या गोष्टी सांगत होत्या. त्यांना कोणी आत बोलावलं नाही, हाकललंही नाही.

पुढच्या महिन्यात क्लास सुरू झाला. पोरापोरींच्या चपलांनी वाचनालयाची पायरी भरून जाऊ लागली. कमळाबाईंनी एकदोनदा घरीच पुस्तक उघडून पाहिलं. मनात वाचायची सवय मोडली होती आणि रिकाम्या घरात मोठ्यानं वाचायला लाज वाटली.

एका संध्याकाळी शीतल दारात आली.

"मला अजून राग हाय तुमचा," ती म्हणाली.

"असू दे. बस."

ती बसली नाही. चौकटीला धरून उभी राहिली. "त्या दिवशी फोनवर प्रज्वल काय बोलला? शेवटी तिला लय त्रास झाला का?"

हे आजवर कोणी कमळाबाईंना विचारलं नव्हतं. "ठाव नाय," त्या म्हणाल्या. "मला पयलं सांगतोय, म्हणाला. बाकी मी काय विचारलंच नाय गो त्याला. मला सभेत जायचं होतं."

शीतलनं आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं, त्यांच्यापुढं ठेवलं, आणि घरी भात टाकायचाय म्हणून निघाली. कमळाबाई ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिल्या, मग पाणी प्यायल्या.