नवीचा हात

मॅडमच्या लॅबमध्ये 'हातगुण' हा शब्द उच्चारायची चोरी होती. कुणी चुकून बोललंच, तर मॅडम मायक्रोस्कोपवरून मान न उचलता म्हणायच्या, "हाताला गुण नसतो, सराव असतो. पुढे बोला." पुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. मॅडम कॉलेजांमध्ये अंधश्रद्धेवर व्याख्यानं द्यायच्या, पोरं टाळ्या पिटायची, आणि घरी परतताना त्यांना स्वतःबद्दल जरा बरंच वाटायचं. ते बरं वाटणं पुढे त्यांना फार महागात पडलं.

लॅब होती मूल होत नाही अशा जोडप्यांच्या दवाखान्यातली. उजेड मंद, दार कायम बंद, अत्तर लावून आत यायला बंदी. बाईच्या शरीरातून काढलेली बीजं इथे काचेच्या बशीत यायची. मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक सुईने त्या प्रत्येक बीजात एकेक शुक्राणू सोडायचा आणि बशी उबदार कपाटात ठेवून द्यायची. माणसाच्या हातात एवढंच. त्यातलं कुठलं बीज रुजेल आणि कुठलं नाही, हे कुणालाच नीट सांगता येत नाही. आणि जे नीट सांगता येत नाही, तिथे माणसं कुणाच्या तरी हाताला नाहीतर पायाला दोष देऊन मोकळी होतात.

हात दादांचा चांगला समजला जायचा. दादा लॅबमधले सगळ्यात जुने, पोट सुटलेलं, तोंडात सतत काहीतरी चेष्टा. जोडपी बाहेरच्या सिस्टरला हळूच विचारायची, "दादाच करतील ना?" हे कानावर आलं की दादा म्हणायचे, "अहो, माझा हात कसला! घरी बायको मला कपबशी उचलू देत नाही." पण खूश व्हायचे.

पाय मात्र वाईट ठरला तो नवीचा. ती लॅबमध्ये आली तेव्हा तिला सगळे 'नवी' म्हणायला लागले आणि जुनी झाली तरी नवीच राहिली. ती आली आणि त्याच सुमारास बीजं रुजेनाशी झाली. एकामागून एक जोडपी रिकाम्या हाताने परत जाऊ लागली. बाहेर कुजबुज सुरू झाली की पोरगी पांढऱ्या पायाची आहे. मॅडमच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी शोध शोध शोधलं, तेव्हा कळलं की वरच्या मजल्यावर रंगकाम चाललंय आणि त्या रंगाची वाफ हवेच्या नळीतून थेट लॅबमध्ये उतरतेय. रंगकाम थांबवलं, हवेच्या जाळ्या बदलल्या, बीजं पुन्हा रुजायला लागली. मॅडमनी सगळ्यांना समोर बसवून आलेख दाखवला, रंग कधी आला, कधी गेला, आणि मधल्या काळात दादांच्या हातची बीजंसुद्धा कशी फुकट गेली. सगळ्यांनी माना डोलावल्या. रंगाची वाफ निघून गेली, नवीला चिकटलेला शब्द काही निघाला नाही.

खरं सांगायचं तर नवीचा हात लॅबमध्ये सगळ्यात स्थिर होता. मॅडमना ते माहीत होतं. दादांचा चष्मा जाड होत चालला होता, सुई टेकवताना बोटं किंचित थरथरायची. नवी सुई टेकवायची तेव्हा बीज जागचं हलतसुद्धा नसे. मॅडम घरी जेवताना हे कौतुकाने सांगायच्या, ऐकायला कुणी असो वा नसो.

ऐकायला मुलगी असायची. तिचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती आणि दोनदा पदरी निराशा आली होती. आता हा शेवटचा प्रयत्न, असं तिने नवऱ्यासमोर आणि आईसमोर जाहीर केलं होतं. यावेळी बीजंही थोडकीच तयार झाली होती.

"आई, माझं नवीला करायला सांग," ती म्हणाली. "तूच म्हणतेस ना, तिच्यासारखा हात नाही म्हणून?"

"हो, तिलाच सांगितलंय," मॅडम म्हणाल्या. आणि ते तेव्हा खरं होतं. लॅबच्या फळ्यावर तिच्या कामापुढे नवीचंच नाव होतं.

कामाच्या आदल्या दुपारी मॅडम लॅबमध्ये गेल्या. नवी उद्याच्या बशा मांडत होती. मुलीचं नाव तिने बशीच्या बुडाला सुंदर अक्षरात लिहिलं होतं आणि ते पुन्हा पुन्हा ताडून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता. मॅडमची मुलगी आपल्या हाती सोपवलीय, याचा अर्थ तिला न कळण्याइतकी ती खुळी नव्हती.

रंगकाम, हवेच्या जाळ्या, आलेख, सगळं मॅडमना पाठ होतं. पण त्या बशीवरचं नाव वाचलं आणि डोळ्यांपुढे आली ती रिकाम्या हाताने परत गेलेली जोडपी. चुकून खरं असलं तर? एवढाच प्रश्न मनात आला. प्रश्न मूर्खपणाचा आहे हेही त्याच क्षणी कळलं, आणि तरी तोंड उघडलं.

"उद्या तू खाली नमुन्यांच्या तपासणीला बस," मॅडम म्हणाल्या. "इथलं दादा करतील."

नवीचे हात थांबले. "माझं काही चुकलं का, मॅडम?"

"छे गं. खाली माणसं कमी पडतायत."

"खाली दोघंजण आहेत, मॅडम."

"तरी लागेल," मॅडम म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या. फडक्याने तिचं नाव पुसलं आणि दादांचं लिहिलं. एवढ्या व्याख्यानांमध्ये एकदाही न अडखळलेल्या बाईला तेवढं नाव लिहिताना अक्षर नीट येईना. पाठीमागे नवी पुन्हा बशांकडे वळली. तिने मांडलेल्या बशा झाकल्या, दादांना सोपं जावं म्हणून उजव्या हाताला सरकवल्या आणि ती खाली निघून गेली. मॅडमना वाटलं, हिने भांडायला हवं होतं. भांडली असती तर रागावता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी दादांनी चेष्टा केली नाही. मॅडम लॅबबाहेर, मायक्रोस्कोपमधलं दाखवणाऱ्या पडद्यावर बघत उभ्या होत्या. दुसऱ्याच बीजाला दादांची सुई जराशी घसरली आणि बीज फुटलं. आधीच थोडकी, त्यातलं एक गेलं. दादांनी घाम पुसला आणि पुढचं घेतलं. नवी असती तर हे झालं नसतं, हे मॅडमना पक्कं माहीत होतं आणि ते सांगायला जगात एकही माणूस नव्हता.

तिथून निघताना सिस्टरने त्यांचा हात हातात घेतला. "बरं केलंत, मॅडम," ती हळूच म्हणाली. "बोलायचं ते बोलतो आपण. पण पोटच्या पोरीचा प्रश्न असला की कुणी उगाच विषाची परीक्षा बघत नाही."

मॅडमना त्या बाईचा आजवर कधी इतका संताप आला नव्हता, आणि तिला एक शब्द बोलायची सोय त्यांनी स्वतःच ठेवली नव्हती. त्या नुसत्या मान हलवून पुढे गेल्या. त्या दिवसापासून सिस्टर कुजबुजायची थांबली. ती उघड सांगायला लागली, "मॅडमनी स्वतःच्या मुलीचं दादांकडून करून घेतलं. मग तुम्हीच ठरवा." जोडपी ठरवत होती. नवीच्या नावापुढचं काम कमी होत होत ती खालीच बसायला लागली.

मुलीला दिवस गेले.

घरात जावयाने सासूला कडकडून मिठी मारली. मुलगी रडली, हसली आणि म्हणाली, "आई, नवीला माझा नमस्कार सांग. तिच्यामुळे झालं सगळं." मॅडम "सांगते" म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभ्या राहिल्या. एवढ्या मोठ्या आनंदात माणसाला तोंड लपवायला जागा शोधावी लागावी, याची त्यांना मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

मग त्यांनी ठरवलं की नवीची माफी मागायची. सगळ्यांच्या देखत नाही, तेवढी हिंमत नव्हती. पण तिच्या तोंडावर सांगायचं की मी घाबरले, मी चुकले, उद्यापासून तू वर ये. दवाखान्याच्या जिन्यात त्यांनी ही वाक्यं दोनदा घोकली.

नवी खालच्या खोलीत एकटीच होती. मॅडमना बघून ती लगबगीने उठली. "मॅडम, अभिनंदन! मी येणारच होते वर. जरा काम होतं तुमच्याकडे."

"आधी माझं ऐक..."

"माझी बहीण येतेय, मॅडम. पुढच्या महिन्यात. तिचं दादांकडे द्याल का?"

मॅडमना कळेना. "दादांकडे कशाला? तू आहेस ना. सख्ख्या बहिणीचं तू नाही करणार तर कोण?"

"नको. माझ्या हाताने नको."

"वेडी आहेस का? अगं, तो रंग होता! मी आलेख दाखवला होता की सगळ्यांना."

"हो, मला पाठ आहे तो," नवी म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. "पण तुम्हीच काढलेला आलेख, मॅडम. तुम्हाला तर माझ्याहून पाठ असणार. तरी तुम्ही..." तिने वाक्य सोडून दिलं. मॅडमची अडचण होऊ नये म्हणून सोडलं.

"दादांच्या हातून त्या दिवशी एक बीज फुटलं," मॅडम घाईघाईने म्हणाल्या. "मी डोळ्यांनी बघितलं. तू असतीस तर फुटलं नसतं."

"पण यश आलं ना, मॅडम?"

याला काय उत्तर द्यायचं? मॅडमकडे उत्तर होतं, चांगलं लांबलचक होतं, पोरांनी टाळ्या पिटलेलं होतं. ते तोंडातून बाहेर पडेना.

"मी चुकले गं," त्या म्हणाल्या. "मी घाबरले होते."

"मलाही भीती वाटते, मॅडम," नवी म्हणाली. "बहीण आहे माझी."

ती उत्तराची वाट बघत उभी राहिली. लॅबमधले सगळ्यात स्थिर हात तिने कोटाच्या खिशात घातले होते. मॅडम म्हणाल्या, "सांगते दादांना."

नवीचा चेहरा एकदम मोकळा झाला. तिने मॅडमचे आभार मानले, आणि अगदी मनापासून मानले.