बाकी राहिलेलं मिनिट

लहानूनं दोन्ही हात पाठीमागं नेले. ग्लोव्ह्जच्या नाड्या सोडायला आलेला माणूस तसाच उभा राहिला.

"काहून गा, सोडू दे ना. पुढची जोडी थांबून राहिली," असोसिएशनचे सेक्रेटरी चंपतराव म्हणाले.

"नाही सोडत."

चौऱ्याहत्तर साली साऱ्या जिल्ह्यात लढण्याजोग्या ग्लोव्ह्जचे दोनच जोड होते. एकाच्या घामानं भिजलेले दुसऱ्यानं घालायचे, हीच रीत. बांधलेली नाडी आपल्या हातानं सुटत नाही, दुसऱ्यापुढं हात धरावे लागतात. ते कोणी नाकारील, हे चंपतरावांच्या स्वप्नातही नव्हतं.

सदर भागातल्या बॉक्सिंगच्या हॉलमधून आज पुण्याच्या राज्य स्पर्धेसाठी निवड व्हायची होती. तिथं रेल्वेचे साहेब नोकरीसाठी बॉक्सर हेरत. खापरखेड्याला ठेकेदाराकडं कोळसा उपसणाऱ्या लहानूची सारी भिस्त त्यावरच होती. तिसऱ्या राउंडला त्यानं चंपतरावांच्या भाच्याला, कृष्णकांतला, गुडघ्यावर आणलं. रेफ्रीनं मोजायच्या आत चंपतरावांनी स्वतःच घंटा बडवली. मिनिटभर बाकी होतं. आणि विजयी कोण, तर कृष्णकांत! घरचीच घंटा अन् घरचाच न्याय!

"असोसिएशनचा माल आहे तो. तुह्या बापाचा नाही!" चंपतराव ओरडले.

"रिंग बी तुमच्या बापाची नाही."

"उद्यापासून या हॉलची पायरी चढून दाखव तू."

कोणीतरी फिदीफिदी हसलं. लहानूच्या अंगाची लाही लाही झाली. डोळे भरून आले तर धड पुसताही येईनात. कोपरानंच तोंड पुसून तो बाकावर बसला.

कृष्णकांत त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. डावा डोळा सुजून बंद होत आला होता. ग्लोव्ह्ज त्याच्याही हातात अजून बांधलेलेच होते. हा आता जखमेवर मीठ चोळणार, असं लहानूला वाटलं.

"सरक. अजून पाहिजे का तुले?" लहानू म्हणाला.

"हो."

तेवढ्यात चंपतरावांनी भाच्याचं मनगट धरलं. "कृष्णा, दे इकडं हात."

कृष्णकांतनं हात हिसडला. "नाही देत, मामा. आमचं मिनिट बाकी आहे."

"डोकं फिरलं का तुहं? आयती जागा भेटली त—"

"गेल्या साली बी आयतीच भेटली होती. पुण्यात पहिल्या राउंडले दोन दात पडले माहे. तुमी समोर बसून चाय पिऊन राहिले होते."

चंपतराव घंटेकडं वळले, पण खोळंबलेल्या जोडीतल्या एकानं ती आधीच उचलून काखेत धरली होती. त्या पोरानं डोळे वटारून पाहिलं, तसे चंपतराव जागीच थांबले.

कृष्णकांत दोरांमधून वाकून रिंगमध्ये गेला. लहानू उठला, पण त्याच्या मनातली अढी काही गेली नव्हती. दातांचं ऐकून त्याला कीवही आली नाही. पुण्याला दात पडले, पण पुणं पाहिलं तर होतं ना यानं!

"दया नको करू माह्यावर," रिंगमध्ये चढता चढता तो म्हणाला.

"दया कोन करते गा? हात वर घे."

घंटा वाजली. लहानूनं पहिला ठोसा त्या सुजल्या डोळ्यावरच मारला.