झडप

सकाळी दहाला जुलेखाने कपाटातली तिसरी झडप काढली, दुमडून चिमटीत दाबली आणि सोडली. रबराची झडप चटकन उलगडायला हवी होती. ती दुमडलेलीच राहिली. जुलेखाने कडा ओढून पाहिली, तर ती अलगद फाटत गेली.

याच घाण्यातल्या दोन झडपा काल भिकन घेऊन गेला होता.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत जुलेखाचं रबर मोल्डिंगचं छोटं वर्कशॉप होतं. वडिलांच्या मागे ती एकटीच ते चालवायची. सायखेड्याचा भिकन हा पाणबुड्या. विहिरीत पडलेल्या मोटारी काढायच्या, पाइपाच्या तळाशी अडकलेले फूटव्हॉल्व्ह सोडवायचे, हे त्याचं काम. त्याच्याकडे दोन नळ्यांचा जुना रेग्युलेटर होता. एका नळीतून सिलिंडरची हवा आत येते, दुसरीतून सोडलेला श्वास बाहेर जातो. त्या दुसऱ्या नळीच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखी रबरी झडप असते. ती हवा बाहेर सोडते आणि पाणी आत येऊ देत नाही. कंपनीने हे सुटे भाग बनवणं कधीच बंद केलं होतं, म्हणून जुलेखाने जुन्या झडपेच्या मापाने डाय, म्हणजे साचा, करून घेतली होती.

काल रबर भाजायची प्रेस तापलेली असताना लाइट गेली. पाच मिनिटांनी आली. गेलेला वेळ तिने अंदाजाने वाढवला आणि माल काढला. दिसायला चांगला होता. रबर आतून कच्चं राहिलंय की काय, ही शंका तेव्हाच आली होती. पण भिकन दारात उभा होता, विहिरीतला फूटव्हॉल्व्ह अडकल्याने गावाला दोन दिवस पाणी नव्हतं, आणि ती गप्प बसली.

तिने फोन लावला. भिकन उचलेना. त्याच्या बायकोचा, सुमनबाईचा फोन बंद. अकराला उतरणार असं तो म्हणाला होता. जुलेखाने स्कूटर काढली.

वाटेतलं चांदोरी मागे पडेपर्यंत तिने तीनदा थांबून फोन केला. सायखेड्यात पाणीपुरवठ्याच्या विहिरीवर पोहोचली तेव्हा अकरा वाजून गेले होते. कठड्याशी सुमनबाई एकटी उभी होती. हातातला दोर ताणलेला.

"उतरले?"

"झाली दहा मिनटं. का वो ताई?"

"वर बोलवा त्यांना. झडप कच्ची आहे. फाटेल."

सुमनबाईचा चेहरा उतरला. जुलेखाने दोराला हात घातला तशी ती ओरडली, "ओढू नका! तीस फुटावर हाय तो. घाईनं वर आला तर छाती फुटंल त्याची. इशारा देते."

तिने दोराला चार हिसके दिले. चार म्हणजे वर ये. खालून उत्तर यायला हवं होतं. दोर तसाच राहिला.

पाण्यावर बुडबुडे येत होते. मग थांबले.

"अल्लाह," जुलेखा पुटपुटली.

सुमनबाईने पुन्हा चार हिसके दिले. तिचे ओठ हलत होते, ती आकडे मोजत होती. वीसला दोर थरथरला. एक, दोन, तीन, चार. मग तो सैल पडायला लागला आणि सुमनबाई हात हात दोर गोळा करत राहिली, सावकाश, मध्ये थांबत. जुलेखाला ते थांबणं सहन होत नव्हतं.

भिकनचं डोकं वर आलं. त्याने तोंडात धरलेला नळीचा तुकडा थुंकला आणि लोखंडी शिडीला धरून बराच वेळ खोकत राहिला.

"पानी येत व्हतं तोंडात," तो म्हणाला. "गिळत व्हतो. वाटलं, दातात नीट धरलं नाय. फूटव्हॉल्व्हचे चारच आटे सुटायचे राह्यले व्हते."

जुलेखाने रेग्युलेटर उघडला. झडप अर्ध्यापर्यंत चिरली होती.

"माझी चूक आहे, भिकनभाऊ. लाइट गेली होती. मला शंका होती, मी बोलले नाही."

सुमनबाई बोलली. "शंका व्हती आन् दिली? तुमच्या भरोशावर उतरला ना तो!"

उरलेली दुसरी झडप जुलेखाने मागून घेतली आणि तिथेच फाडली.

त्या रात्री गावाने टँकर मागवला. जुलेखाने नवं रबर घेतलं, प्रेसला जनरेटर जोडला आणि सहा झडपा काढल्या. दोन कापून पाहिल्या, दोन ओढून. पाचवी तिने दिवसभर पाण्यात वरखाली दाबली. तिसऱ्या दिवशी सहावी घेऊन ती विहिरीवर गेली, काय काय तपासलं ते सगळं सांगितलं आणि म्हणाली, "नको वाटत असेल तर उतरू नका."

भिकनने झडप दुमडली, सोडली, पुन्हा दुमडली. बायकोकडे पाहिलं.

सुमनबाईने दोर जुलेखाच्या हातात दिला. "आज तुम्ही धरा."

भिकन पाण्याखाली गेला. जुलेखा पंचवीस मिनिटं बुडबुड्यांकडे पाहत उभी होती. सुमनबाई शेजारीच होती, दोराला हात न लावता. शेवटी चार हिसके आले. भिकन वर आला तो हसतच.

"सुटला फूटव्हॉल्व्ह. मोटर लावा म्हणावं."

जुलेखाला दोर सोडायचा होता, पण बोटं उघडेनात. सुमनबाईने ती एकेक करून सोडवली.