दुखणं थांबल्यावर

मास्तरांचा उजवा खांदा निखळला तो कापडाचा तागा काढताना. वरच्या फळीपर्यंत हात पोचेना म्हणून ते स्टुलावर चढले आणि स्टूल कलंडलं. शिवणकामात उभा जन्म गेलेला माणूस, पण आता अंगातला शर्ट कुणाला काढू देईना. हात जरा हलला तरी डोळ्यांत पाणी यायचं. बायकोने त्यांना इस्पितळात आणलं तेव्हा अकरा वाजून गेले होते.

खांदा बसवायला हाडांचे डॉक्टर होते. गुंगी देण्याचं काम भूलतज्ज्ञ बाईंकडे होतं. बाईंनी नेहमीचे प्रश्न विचारले. शेवटचं खाणं कधी, दात पक्के आहेत का, रोजची औषधं कोणती. बायकोने रक्तदाबाची गोळी सांगितली. मास्तरांनी, शर्ट कापायचाच असेल तर निदान शिवणीवर कापा, एवढंच बजावलं.

आधी वेदना मारणारं इंजेक्शन दिलं, अफूच्या जातीचं. मग गुंगीचं. दोन्ही बेताने. मास्तरांना डुलकी लागली, तरी हात ओढताच ते कण्हले. बाईंनी गुंगीचं आणखी थोडं दिलं. हाडांच्या डॉक्टरांनी हात ताणून फिरवला, खट् आवाज आला आणि खांदा बसला. काम झालं म्हणून ते हातमोजे काढायला वळले.

इतका वेळ ते दुखणंच मास्तरांना श्वास घ्यायला लावत होतं. ते थांबलं आणि दोन्ही औषधांना मोकळं रान मिळालं. नाकाला ऑक्सिजनची नळी असल्यामुळे मॉनिटरवरचा आकडा अजून चांगलाच होता. पण बाईंची नजर छातीवर गेली, तर छाती हलत नव्हती. घरघर नाही, धडपड नाही. अशा गुंगीत माणसाला आपण गुदमरतोय हेही कळत नाही.

बाईंनी हाका मारल्या, डाव्या दंडाला चिमटा काढला. मास्तर गार. मग त्यांनी हनुवटी वर उचलली, तोंडावर मास्क घट्ट धरला आणि पिशवी दाबून श्वास द्यायला सुरुवात केली. आकडा आता भराभर उतरू लागला होता. त्यांनी नर्सला वेदनेच्या इंजेक्शनवरचा उतारा द्यायला सांगितलं. आवाज शांत होता. आकडा हळूहळू वर सरकला. दोनेक मिनिटांनी मास्तरांनी स्वतःहून एक खोल श्वास घेतला. थोड्या वेळाने दुसरा.

एवढ्याशा औषधाने माणूस इतका खोल जातो कसा, हे बाईंना उलगडेना. मास्तर शुद्धीवर आल्यावर त्यांच्याजवळ नर्सला बसवून त्या बाहेर आल्या. बाकावर बसलेल्या बायकोला त्यांनी झालं ते सगळं सांगितलं. श्वास थांबला होता, आता चालू आहे, पण संध्याकाळपर्यंत नजर ठेवावी लागेल, कारण उताऱ्याचा जोर औषधाआधी ओसरतो.

"दुसऱ्यांदा औषध देण्याआधी मी आणखी थांबायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "ती घाई माझी."

बायकोने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"माझ्या झोपेच्या गोळ्या दिल्या मी त्यांना," ती म्हणाली. "निघताना, दोन. कळवळत होते, बघवत नव्हतं. तुम्ही त्यांची औषधं विचारलीत. गोळ्या तर माझ्या होत्या."

बाईंना तिच्यावर रागावता येईना. आज आणखी कुठली गोळी पोटात गेलीय का, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. त्यांनी तिला समजावलं की त्या गोळ्या आणि दोन्ही इंजेक्शनं, तिन्ही मिळून श्वासच दाबतात. एकेकटं चाललं असतं ते एकत्र झेपलं नाही.

"त्यांना सांगाल?" बायकोने विचारलं.

"माझं मी सांगेन. तुमचं तुम्ही सांगा."

दुपारी मास्तर नीट जागे झाल्यावर दोघींनी सांगितलं. बायको जमिनीकडे बघून बोलली. मास्तरांनी डावा हात तिच्याकडे सरकवला.

"तुला मात्र त्या गोळ्यांनी कधी झोप लागली नाही," ते म्हणाले.

ती हसली नाही. हात मात्र तिने धरून ठेवला. संध्याकाळपर्यंत त्यांचा डोळा लागला रे लागला की ती त्यांना हलवून श्वास घ्यायला सांगायची, आणि ते वैतागून घ्यायचे. बाई दर थोड्या वेळाने येऊन बघून जात होत्या. त्यांनी तिला एकदाही थांबवलं नाही.