पैलवानाचं पोट

माझी लेक जनावरांची डॉक्टर आहे. तिच्या दवाखान्याच्या पुढच्या खोलीत खिडकीला लागून एक टेबल आहे, टेबलावर कॉम्प्युटर आणि कॉम्प्युटरसमोर, सकाळपासून जेवणाच्या वेळेपर्यंत, मी.

दवाखान्याने मुलांसाठी इंटरनेटवर एक क्लब काढला आहे, 'शेपटी मंडळ'. ज्यांच्या घरी कुत्रं, मांजर, ससा, कासव असं काही शेपटीवालं आहे, ती मुलं तिथे फोटो टाकतात आणि गप्पा मारतात. एकाकडे नुसती गोगलगाय होती. तिला शेपटी आहे म्हणायचं की नाही यावर मुलांचा जंगी वाद झाला आणि शेवटी 'मागचं टोक आहे ना, मग झालं' म्हणून तिला घेतलं.

मुलं तिथे टोपणनावाने येतात. नाव, पत्ता, शाळा, फोन काही विचारायचं नाही. मोठ्या माणसाने कुठल्याही मुलाशी एकट्याशी बोलायचं नाही, जे बोलायचं ते सगळ्यांदेखत. हे नियम माझ्या जावयाने केले, आणि मला ते अगदी पटतात. मुलांनी लिहिलेलं आधी यंत्र वाचतं. साधंसुधं असेल तर पुढे जाऊ देतं. एखाद्या शब्दावर अडलं तर खाली लाल रेघ मारून मजकूर माझ्याकडे पाठवतं. पुढे सोडायचा की नाही ते मी ठरवायचं. म्हणून माझं टोपणनाव 'दारावरची आजी'. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला माझा. कानाला हेडफोन, हातात दोऱ्या, इकडचा माणूस तिकडच्याला जोडून द्यायचा. तेव्हा हे काम काही मला नवं वाटलं नाही.

एका नियमावर मात्र जावईबापूंचं आणि माझं जुळत नसे. आजारपण, मरण, जन्म आणि घरातली भांडणं हे विषय मंडळात नकोत, असा तो नियम. त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. सुरुवातीला एका मुलाने मंडळात बोक्याच्या नसबंदीच्या ऑपरेशनबद्दल वाचलं आणि रात्रीच्या जेवणाला घरी आलेल्या साहेबांसमोर वडिलांना विचारलं, "बाबा, तुमचंही केलंय का?" वडिलांचा फोन आला तेव्हा जावईबापूंनी तो कानापासून हातभर लांब धरला होता. दुसरी गोष्ट हसण्यासारखी नव्हती. कुणाचा तरी म्हातारा कुत्रा झोपेत गेल्याचं एका लहान मुलीने वाचलं. त्यानंतर ती आजोबांना दुपारचं झोपू देईना. डोळा लागला की गदागदा हलवायची. तेव्हापासून नियम.

"आई, घर कशासाठी असतं?" जावईबापू म्हणायचे. "हे विषय घरच्यांनी घरात बोलावेत."

"घरात बोलतात का पण?"

"तो त्यांचा प्रश्न."

आता 'चष्मा'ची गोष्ट. ही नऊएक वर्षांची मुलगी. तिच्याकडे एक पांढराशुभ्र ससा, नाव पैलवान. दुकानदाराने नर म्हणून दिलेला. शेजारी गावाला गेले तेव्हा त्यांचाही ससा आठवडाभर हिच्याकडे राहून गेला होता आणि दोघांची गट्टी जमल्याचे फोटो आम्ही सगळ्यांनी पाहिले होते. त्याला महिना होत आला असेल. एक दिवस तिने लिहिलं, "पैलवान फार जाड झालाय. काय करू?"

मंडळात सल्ल्यांना काय तोटा!

"त्याला पळव," 'वादळ'ने लिहिलं. ही मंडळातली सगळ्यात बडबडी. तिच्या तपकिरी कुत्र्याचे फोटो रोज यायचे.

"खाणं कमी कर," गोगलगायवाला म्हणाला. "माझ्या काकांनी केलंय. चिडचिड होते, पण फरक पडतो."

झालं, पैलवानाचं डाएट सुरू झालं. मी मनात म्हटलं, ससा आहे, दोन दिवस पाला खाईल, बिघडलं कुठे? लेक त्या आठवड्यात कामात बुडालेली, तिने मंडळात डोकावलंही नव्हतं.

मग शनिवारी चष्माने लिहिलं, "पैलवान छातीवरचे केस स्वतःच उपटतोय. तोंडात गवत धरून कोपऱ्यात नेऊन ठेवतोय. मी काल साफ केलं, आज परत तेच. आई म्हणते आता पिंजराच धुऊन काढू. ती बादली भरतेय."

"गवत देऊच नको," वादळ म्हणाली. "शिस्त लागेल."

त्याच क्षणी माझ्याकडे एक मजकूर अडकून आला. 'लिंबूटिंबू'चा. ही मंडळातली सगळ्यात धाकटी, कधीमधी बोलणारी.

"चष्माताई पिंजरा धुऊ नको!!! पैलवान मुलगी आहे. तिला पिल्लं होणार आहेत. ती त्यांच्यासाठी गादी करतेय. माझ्या आजीकडे ससे आहेत. आम्ही एकदा गादी काढली तर पिल्लं गारठून मेली. मी बघितलंय."

यंत्राने त्यात इतक्या लाल रेघा मारल्या होत्या की मास्तरांनी तपासलेली वही वाटावी.

मी उठले ते थेट ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी. लेक आत एका मांजराच्या दातांशी झटत होती.

"अगं, ससा छातीचे केस उपटतो आणि गवत कोपऱ्यात नेतो म्हणजे काय?"

"म्हणजे ससा नाही, सशीण! आज-उद्या व्यायला आलीय. तिला भरपूर खायला द्या आणि त्या कोपऱ्याला हात लावू नका म्हणावं. कोण आहे? फोन कर ना!"

"कुणाला करू? चष्माला? तिचं नाव, नंबर, गाव काही ठाऊक आहे का आपल्याला?"

आतून नुसता चिमटा ठेवल्याचा आवाज आला. मग, "अरे देवा."

एवढ्यात जावईबापू माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले होते. लाल रेघा वाचून त्यांचा चेहराही त्याच रंगाचा झाला होता.

"आई, हे असंच्या असं नका सोडू. जन्म आहे, मरण आहे, 'मी बघितलंय' आहे. सगळी लहान मुलं वाचताहेत. नुसतं लिहा, 'पिंजरा धुऊ नका'. कारण द्यायची गरज नाही."

ठीक आहे, म्हटलं. लिहिलं. लगेच उत्तर आलं.

"का?" चष्मा.

"डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून," मी लिहिलं.

"आई म्हणते वास मारतोय. का नको ते विचार."

आणि खाली वादळ, "मोठी माणसं कारण सांगत नाहीत तेव्हा त्यांच्याकडे कारण नसतं."

"बघा," मी जावयाला म्हटलं.

"बघतोय," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

बादली भरेपर्यंत एक जुनी गोष्ट सांगून घेते. मी साधारण चष्माएवढी असताना माझी मावशी आमच्याकडे राहायला आली. आली तेव्हाच जरा जाड होती, मग दिवसेंदिवस वाढतच गेली. मोठी माणसं कुजबुजायची आणि आम्ही मुलं खोलीत शिरलो की हवापाण्यावर बोलायला लागायची. आम्ही भावंडांनी जिन्यावर बैठक घेतली. मावशी अति खाते, असा निष्कर्ष निघाला. मग जेवताना एकाने तिला बोलण्यात गुंतवायचं आणि दुसऱ्याने तिच्या ताटातलं आपल्या ताटात ओढायचं, असा बेत ठरला. शिवाय तिच्या चपला रोज वरच्या मजल्यावर लपवायच्या, म्हणजे चढउतार होईल. आम्हाला तिची खरंच काळजी होती हो! शेवटी आम्ही चपलांसकट पकडलो गेलो. आईने धपाटा घालायला हात उगारला, पण मावशी मात्र तिथेच पायरीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग तिने माझा तळहात धरून पोटावर ठेवला. आतून एक लाथ बसली. "तुम्ही जेवू देत नाही म्हणून रागावलंय," मावशी म्हणाली. मोठ्यांनी महिनोन्महिने झाकून ठेवलेलं तिने एका वाक्यात सांगितलं, आणि आम्हाला झालं काय, तर तिच्या ताटात दुप्पट वाढायला लागलो. तो मावसभाऊ आता आजोबा आहे. उंचीने बेताचाच. मी अजून त्याला म्हणते, "बाबा रे, त्यात थोडा हात आमचाही आहे."

तर बादली. चष्माने लिहिलं, "भरली."

"जावईबापू," मी म्हटलं, "ती लिंबूटिंबू जे बोलतेय ते खरं आहे, आणि मुलांना समजेल असं आहे. मी तिला जोडून देते. कुणाचा फोन आला तर मला द्या."

त्यांनी एक मोठा श्वास घेतला. "सोडा," म्हणाले. "पण आपण दोघं इथेच बसायचं. उठायचं नाही."

मी बटण दाबलं.

मग चष्मा, "आईने बादली खाली ठेवली." मग, "आई पिंजऱ्यासमोर बसलीय. आई म्हणते, अगंबाई!"

त्यानंतर प्रश्नांचा जो पाऊस पडला! पिल्लं किती? पैलवानाला दुखेल का? डाएटचं काय? लेक हात पुसत बाहेर आली आणि माझ्या खांद्यावरून सांगत गेली, मी टाइप करत गेले. डाएट बंद. पाला, गवत, पाणी, हवं तेवढं. कोपरा अंधारा ठेवा, वाकून वाकून बघू नका.

"सॉरी पैलवान," गोगलगायवाल्याने लिहिलं. "काकांचं ऐकायला नको होतं."

मग त्यानेच विचारलं, "लिंबूटिंबू, ती पिल्लं मेली तेव्हा तू रडलीस?"

जावईबापू खुर्चीत पुढे सरकले. मीही बोटं आवरली.

"हो. मग मी आणि आजीने बागेत खड्डा केला. वर फूल ठेवलं. मग मला भूक लागली."

आणि मग वादळ, जिचं तोंड एरवी मिटत नसे, तिने बराच वेळ घेऊन दोन ओळी लिहिल्या. "माझा कुत्रा पण नाहीये आता. परीक्षेच्या आधीच गेला. मी जुने फोटो टाकते. शेपटी नसली तर मंडळातून काढतात का?"

रोज सकाळी त्या फोटोंना मी हसरा चेहरा चिकटवत होते. मी काही लिहायच्या आत जावईबापूंनी की-बोर्ड स्वतःकडे ओढला. त्यांना दोन बोटांनीच टाइप करता येतं. त्यांनी लिहिलं, "कुणालाही काढत नाहीत. त्याचं नाव काय होतं? तो काय काय करायचा?"

अहो, मग त्या मुलीने सांगितलं! तो मोजे पळवायचा. टपालवाला आला की सोफ्याखाली लपायचा आणि शेपटी बाहेर ठेवायचा. अंघोळीचं नाव काढलं की लंगडायचा. मुलं हसत होती, आणखी विचारत होती. लिंबूटिंबूने तिला आजीकडचा एक ससा देऊ केला. "नको, आई ओरडेल," वादळ म्हणाली, "पण थँक्यू."

दुसऱ्या दिवशी फोटो आला. पांढऱ्या केसांच्या ढिगात गुलाबी, बोटाएवढी पाच पिल्लं, डोळे मिटलेली. खाली चष्माने लिहिलं होतं, "हा आईने काढलाय. मी मोजत होते." मंडळात त्या दिवशी दुसरा विषय नव्हता. संध्याकाळी घबराट उडाली की पैलवान पिल्लांजवळ बसतच नाही. लेकीने समजावलं की सशीण दिवसातून एकदोनदाच दूध पाजते आणि एरवी लांब राहते, म्हणजे शत्रूला घरटं कळत नाही. "हुशार आहे," गोगलगायवाल्याचा शेरा.

फोन आले. जावईबापू धसका घेऊनच उचलायचे. बहुतेकांना एक पिल्लू हवं होतं. एका आईने मात्र स्पष्ट सांगितलं की तिच्या मुलीने घरात नुकतंच एक जवळचं माणूस गमावलंय, तिला इथे तरी निव्वळ मजा हवी आहे. तिचंही बरोबर होतं. तेव्हा आता मंडळाला दोन दारं आहेत. एकातून नुसत्या शेपट्या. दुसऱ्यातून 'मनातलं', आणि तिथे मी किंवा लेक बसलेली असल्याशिवाय ते उघडत नाही. ज्याला जायचं त्याने जावं, नको त्याने जाऊ नये. कधी एखादा जातो, दाराशी थबकतो, परत फिरतो. तेही चालतं.

पिल्लं उड्या मारायला लागल्यावर चष्मा आईबरोबर स्वतःच दवाखान्यात आली. पिल्लं तपासून घ्यायची होती. पुढच्या दोन दातांत फट, हातात खोका, आणि नाकावर खरोखरच चष्मा. खोली भरलेली. एका काकांच्या मांडीवर बोका, एका बाईंच्या पायाशी दोन कुत्री, कोपऱ्यात पिंजऱ्यात पोपट. लेक आत होती. मुलीने मला पाहिलं, जावईबापूंना पाहिलं, आणि काय मनात आलं कोण जाणे, तडक त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काका, पिल्लं बाहेर कशी आली ते डॉक्टरांनी सांगितलं. पण ती आत कशी गेली?"

बोकावाले काका छताकडे बघू लागले. तिच्या आईने पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. जावईबापूंनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चष्म्याची काच पुसत बसले. फार मळली होती.

मग ते खाली उकिडवे बसले, तिच्या डोळ्यांना डोळे भिडतील असे.

"तुमच्याकडे शेजारचा ससा राहायला आला होता ना?"

"हो."

"तो नर. पैलवान मादी. नराकडे एक बी असते आणि मादीकडे एक. दोघं जोडीने राहिले आणि त्या दोन बिया मादीच्या पोटात एकत्र आल्या, की तिथे पिल्लू वाढायला लागतं."

मुलीने विचार केला. "एवढंच?"

"सुरुवातीला एवढंच. बाकीचं तू विचारशील तसं."

"मग तुम्ही घाम का पुसताय?"

सगळी खोली खो-खो हसली, कुत्री भुंकायला लागली, आणि जावईबापू रुमाल हातात धरून सगळ्यात जास्त हसले. मुलीने खोका त्यांच्या हातात दिला, म्हणाली, "धरा जरा," आणि पुढचा प्रश्न विचारायला दोन्ही हात कमरेवर ठेवले.