दोन हेडफोन

रग्बीत पाठ मोडल्यापासून इसिकेली चाकाच्या खुर्चीत होता. बहीण वासिती नर्स म्हणून ऑकलंडला निघाली होती. जाण्याआधी ती त्याला गेमिंग कॉम्प्युटरचे सुटे भाग घ्यायला फिजीतल्या लौटोका शहरातल्या दुकानात घेऊन गेली. पैसे बेताचेच होते. तिने भारी ग्राफिक्स कार्ड उचललं.

"ताई, ते ठेव," तो म्हणाला. "वापरलेलं स्वस्तातलं घे. उरलेल्या पैशांत माईकवाले दोन हेडफोन येतील, एक तुला."

"अरे, चित्र अडखळेल!"

"अडखळू दे. तुझी बडबड नीट ऐकू आली पाहिजे."

तिने कार्ड परत ठेवलं.

ऑकलंडला पोचल्यावर दोघांच्या ऑनलाइन गेमच्या पहिल्याच डावात तिने चुकून त्यालाच गोळी घातली.

"अगं आंधळे, मी तुझ्या बाजूचा आहे!" तो ओरडला, आणि दोघंही हसत सुटली.